एका टॅगला तीन घरं

फोटोला एक टॅग लावायचाय. एकच! 'सहल' लिहायचं आणि पुढे जायचं. हजारो फोटोंना हाताने कोण लावत बसणार, म्हणून पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट सरळ आहे हो. वाकडं आहे ते बाकी सगळं.

फोटोच्या फाइलीत माहिती लिहायचे कप्पे असतात, पण टॅग लिहायचा कुठल्या कप्प्यात? आयपीटीसी या जुन्या साच्याच्या कीवर्ड्समध्ये? एक्सएमपी या नव्या साच्याच्या सब्जेक्टमध्ये? की विंडोजच्या एक्सपी-कीवर्ड्समध्ये, जिथे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धतही निराळी? एक सॉफ्टवेअर इथलं वाचतं, दुसरं तिथलं, आणि तिसरं फाइलला हातच लावत नाही, टॅग आपल्याच डेटाबेसमध्ये कोंडून ठेवतं. सगळीकडे लिहावं, तर एका जागी बदललं की बाकीच्या जागी जुनंच. २००१ साली एक्सएमपी आलं, तेव्हाच जुनं बंद करायला काय धाड भरली होती?

आणि मराठीत टॅग लावायचा म्हटलं तर विचारूच नका. आयपीटीसीच्या एका कीवर्डला मर्यादा ६४ बाइटची. यूटीएफ-८ या सध्याच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये आपलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रांचे वेगळे. म्हणजे २१ चिन्हांत खेळ खलास! वर 'हे यूटीएफ-८ आहे' अशी खूणही आपणच घालायची, नाहीतर टॅगच्या जागी निव्वळ कचरा.

बरं, तारखेवरून टॅग लावू म्हटलं. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोतच लिहून ठेवतो त्या माहितीत, तारीख लिहितात कोलन घालून, २०१९:०५:१२ अशी! कुठल्या शहाण्याने ठरवलं हे? टाइमझोनला जागा द्यायला तर २०१६ उजाडलं. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफच नाही, धुऊनपुसून पाठवलेले. क्लाउडवरून सगळं उतरवलं, तर तारखा फोटोंपासून वेगळ्या, जेसन नावाच्या मजकुराच्या फाइलींत आणि त्या फाइलींची नावं मध्येच छाटलेली. बसा आता जोड्या जुळवत!

पायथॉनची फोटो हाताळायची पिलो लायब्ररी वापरून फोटो नुसता सेव्ह केला, तरी एक्झिफ गायब आणि जेपेग फोटो पुन्हा दाबून लहान केलेला, म्हणजे दर्जाही घसरलेला. शेवटी फोटोंतली ही माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या, फिल हार्वे यांच्या एक्झिफटूल या प्रोग्रॅमलाच शरण जायचं. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, २००३ पासूनचं, या पसाऱ्यात धड चालणारं तेवढंच. (तेही प्रत्येक फाइलची मूळ प्रत शेजारी ठेवतं, 'प्रत नको' असा पर्याय दिला नाहीत तर डिस्क भरलीच म्हणून समजा.)

बसले टॅग एकदाचे. आता बॅकअप म्हणतोय, सगळ्याच फाइली बदलल्यात, पहिल्यापासून सगळं पुन्हा अपलोड करतो. कर बाबा, कर!