घार, कोंबडा आणि व्हॉट्सॲपवरचा सल्ला

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या गटांतून एक सल्लावजा मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कोंबडी बिनडोक असते, वरून सावली सरकली की सैरावैरा धावते, बाकी तिला काही कळत नाही. पिल्लांना मात्र घारीचा आकार जन्मतःच ठाऊक असतो. कोंबडा ओरडतो तो स्वतःच्या जिवाच्या भीतीने, पण तो परसात असला की घार फिरकत नाही. घार अख्खी कोंबडी उचलून नेते. आणि यावर उपाय काय, तर खुराड्यावर जुन्या सीडी टांगा, एक कोंबडा सोडा, की झालं.

आई बिनडोक आणि पिल्लू सर्वज्ञ, कोंबडा भित्रा पण घारीला त्याचाच धाक. लिहिणाऱ्याने आपलाच मजकूर सलग वाचला नसावा. तरी लोक तो पुढे ढकलतात आणि त्यावर विसंबून पिल्लं मोकळी सोडतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

बिनडोकपणापासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. घार आभाळात गिरट्या घालत असताना दाणे टिपणारी कोंबडी नीट बघा. ती मध्येच थांबते, मान वाकडी करते आणि एकच डोळा आभाळाला लावते. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि खोबणीत फारसे फिरत नाहीत. त्यामुळे वर बघायचं तर अख्खं डोकं कलतं करावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी कोंबडीच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यात दिसलं ते असं, की डावा डोळा आणि त्याला जोडलेला मेंदूचा उजवा भाग हे प्रामुख्याने धोक्यावर लक्ष ठेवतात, तर उजवा डोळा खडे आणि दाणे यांतला फरक टिपतो. तर अशी एका डोळ्याने पाहणी झाली की बहुतेक वेळा कोंबडी पुन्हा खाली मान घालून टिपायला लागते. उंचावर संथ फिरणारी घार तिने पाहिलेली असते आणि मोडीत काढलेली असते. सावली सरकली की पळायचं असतं, तर आपल्याकडे घारी-कावळ्यांची एवढी ये-जा असताना तिचं दिवसभरात पोटच भरलं नसतं.

खरा धोका दिसला की ओरड होते, आणि ती एकाच तऱ्हेची नसते. कुत्रा, मांजर, मुंगूस असं जमिनीवरून येणारं काही दिसलं की कक-कक-कक-ककाक असा गोंगाट सुरू होतो. तो लांबतो, अख्ख्या वाडीला ऐकू जातो आणि एकीचं बघून दुसरी त्यात सूर मिसळते. आभाळातून काही झपाट्याने खाली येत असेल तर आवाज वेगळा. आधी एक छोटा झटका आणि त्याला जोडून लांबट, ताणलेला सूर, की संपलं. हा आवाज नेमका कुठून आला ते चटकन कळत नाही. वरून बघणाऱ्या शिकाऱ्याला ओरडणारा सापडू नये, यासाठी तो तसा असावा असं अभ्यासक मानतात.

या दोन आवाजांचा अर्थ कोंबड्यांना कळतो का, याची परीक्षा अमेरिकेत ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी घेतली. 1993 साली ती प्रसिद्ध झाली. कोंबड्यांना फक्त ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. समोर ना ससाणा, ना कोल्हा, ना घाबरलेली दुसरी कोंबडी. आभाळातल्या धोक्याचा आवाज लागला की कोंबड्या आडोशाकडे धावत, दबून बसत आणि वर बघत. जमिनीवरच्या धोक्याचा आवाज लागला की ताठ उभ्या राहून आजूबाजूला नजर फिरवत. नुसती घबराट असती तर दोन्ही वेळा सारखीच धावपळ झाली असती. कोणत्या दिशेचा धोका आहे हे आवाजातच सांगितलेलं असतं आणि ऐकणारीला ते कळतं.

पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी तर याहून बारीक हिशेब करते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की लहान चणीच्या शिकारी पक्ष्याला बघून ती ओरडते ते पिल्लं लहान असेपर्यंत. त्या पक्ष्याच्या आवाक्याबाहेर पिल्लं वाढली की त्याच पक्ष्याकडे ती फारसं लक्ष देत नाही. आपल्या परसातही हे बघता येतं. शिक्रा समोरच्या शेवग्यावर येऊन बसला की पिल्लंवालीच्या अंगावरची पिसं फुलतात, शेजारची मोकळी तलंग (वाढीला लागलेली तरुण कोंबडी) मात्र शेणाचा ढीग उकरत राहते. ती वेंधळी असते असं नाही, एवढ्या वाढलेल्या कोंबडीचं शिक्रा काही बिघडवू शकत नाही.

आता पिल्लांच्या जन्मजात ज्ञानाची गोष्ट. ही व्हॉट्सॲपने शोधलेली नाही, तिला फार मोठी घराणी आहेत. 1937 साली ऑस्ट्रियात अल्टेनबर्ग इथे कोनराड लॉरेन्त्स आणि निको टिनबर्गेन यांनी पुठ्ठ्याचे आकार दोरीवरून पक्ष्यांच्या पिल्लांवर सरकवले. त्यातला एक आकार असा होता, की एका दिशेने सरकवला तर आखूड मान आणि लांब शेपटीचा ससाणा वाटावा, उलट सरकवला तर लांब मानेचं हंसबदक. पिल्लं ससाण्याला घाबरली, हंसबदकाला नाही, अशी ती कहाणी शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत गेली. दोघांना पुढे 1973 साली नोबेलही मिळालं (या प्रयोगासाठी म्हणून नव्हे, एकूण कामासाठी). पण वोल्फगांग श्लाइट यांनी टर्कीच्या पिल्लांवर तो प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला आणि 1961 साली जे मांडलं त्याने कहाणीची हवा गेली. पिल्लांना आकाराशी देणंघेणं नव्हतं. जो आकार रोज डोक्यावरून जातो त्याची भीती मरते, जो क्वचित दिसतो त्याला ती दबकतात. मग तो ससाणा असो की हंसबदक की पुठ्ठ्याची नुसती चकती. काहीतरी मोठं आणि वेगाने डोक्यावरून गेलं की दचकायचं, इतपत उपजत असतं. बाकीचं सवयीने आणि आईच्या ओरडण्याने पक्कं होत जातं.

जाता जाता एक गंमत. रॉजर्स, झुक्का आणि वालोर्तिगारा यांनी 2004 साली दाखवलं, की उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यावर उजेड पडला असेल, तर त्या पिल्लाला दाणे टिपता टिपता वरच्या ससाण्याच्या आकारावरही लक्ष ठेवणं जमतं. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांना ही दोन कामं एकदम झेपत नाहीत. खुडूक कोंबडी दाणापाण्यासाठी अंड्यांवरून उठते तेव्हा आपण तिला चुकार म्हणतो. अंड्यांवर उजेड पडतो तो तेवढ्यातच.

श्लाइट यांच्या निष्कर्षावरून सीडीचा निकालही लागतो. एकाच जागी लटकणाऱ्या वस्तूची सवय कोंबड्यांना होते तशी घारीलाही होते. सुरुवातीला चमकणारी सीडी नवी असल्याने घार बिचकते, आणि टांगणाऱ्याला वाटतं काम फत्ते. प्लॅस्टिकच्या गरुडाचंही तेच होतं. टांगायचंच असेल तर जागा वारंवार बदलत राहा, आणि तरीही तिच्या भरवशावर पिल्लं सोडून बाजाराला जाऊ नका.

कोंबड्याच्या बाबतीत मजकूर दोन्हीकडून चुकतो. जिवाच्या भीतीने ओरडत असता, तर तो एकटा असतानाही तेवढाच ओरडला असता. काराकाशियान, गायगर आणि मार्लर यांनी 1988 साली नेमकं हेच तपासलं. डोक्यावरून ससाण्याची आकृती सरकवली, तेव्हा जवळ कोंबडी असताना कोंबडे भरपूर ओरडले. एकटे असताना त्यांना भीती वाटली तरी ओरड फार कमी झाली. म्हणजे ओरड ऐकणारी कोणी आहे का, हे तो बघतो. त्याला लगेच थोर त्यागमूर्ती करायचीही गरज नाही. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की ज्या कोंबड्याचं माद्यांशी नुकतंच जुळलेलं असतं तो जास्त ओरडतो, आणि स्वतः आडोशाला असला की त्याची हाक लांबते. स्वतःची कातडी सांभाळून तो आपल्या होणाऱ्या पिल्लांची काळजी घेतो, एवढंच.

पण घार फिरकत नाही, हे कुठून आलं? कोंबड्याने शिकारी पक्ष्यावर झेप घेतल्याचे व्हिडिओ फिरतात, खरे आहेत. नेहमी घडत नाही म्हणूनच ते फिरतात. कोंबडा राखणदार आहे, कुंपण नव्हे. तो हाक देतो, मग धावायचं काम कोंबड्यांचं, आणि धावायला जागा ठेवण्याचं काम आपलं.

घार अख्खी कोंबडी नेते या मुद्द्यावर वजनं बघितली तरी पुरे. आपल्याकडच्या घारीचं स्वतःचं वजन साधारणपणे एक किलोच्या आत असतं, शिक्र्याचं 100 ते 250 ग्रॅमच्या दरम्यान. गावठी कोंबडी किलोच्या पुढे जाते. घार मुळात मेलेलं, टाकलेलं खाणारी. पिल्लू तिला सहज उचलता येतं, मोठी कोंबडी नाही. डोंगराकडेच्या गावांत मोरघारेसारखा मोठा शिकारी मोठ्या कोंबडीवर पडू शकतो, तो भाग वेगळा. कोंबडी रात्रीतून नाहीशी झाली असेल तर घारीचं नाव घेऊच नका, ती तेव्हा झोपलेली असते. मांजर, कुत्रा, मुंगूस, खुराड्याच्या फटी, नाहीतर कोंबड्या झाडावर झोपत असतील तर मोठं घुबड, असा तपास करा. चोरही असतात. शिकारी ओळखण्यात चूक झाली की उपायही चुकतो: आभाळाकडे जाळी आणि खालची फळी कुजलेली, हे दृश्य नवं नाही.

संतापून घारीला विष घालणं किंवा तिचं घरटं पाडणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे. यावर जास्त बोलायला नको.

मग करायचं काय? कोंबडीचे पूर्वज रानाच्या कडेला, झुडपांच्या सावलीत वावरणारे. हाकेनंतर आडोसा गाठायचा हीच तिची रीत. आपण मात्र हौसेने परस सारवून, झुडपं तोडून लख्ख मोकळं करतो आणि तिने धावायचं कुठे हे विसरतो. इंग्लंडमध्ये मॅरियन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2003 साली मोकळ्या कुरणात सोडलेल्या कोंबड्या पाहिल्या, तर जिथे झाडं जास्त तिथे जास्त कोंबड्या बाहेर पडत होत्या. नुसतं गवताचं मैदान त्यांना नको होतं.

तेव्हा परसात चार-सहा ढांगांवर काहीतरी आडोसा हवा. जास्वंद, अडुळसा, मेंदीचं दाट कुंपण चालेल. झुडपं वाढेपर्यंत जुनी खाट, उभी करून ठेवलेली हातगाडी, विटांवर टेकवलेला पत्रा, काहीही चालतं. फक्त खालून दोन्ही बाजूंनी वाट मोकळी हवी, नाहीतर आत शिरलेली कोंबडी मुंगसाच्या तोंडी अडकेल. पिल्लं पहिले दीड-दोन महिने डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. कोकणात मासेमारीचं जुनं जाळं वर बांधतात, ते उत्तम, पण ताणून बांधा. ढिलं सोडलं तर त्यात पक्षी अडकतात, कोंबड्याही अडकतात.

आणि एक गोष्ट त्या मजकुरात कुठेच नाही. मासळी साफ करून आतडी, खवले खुराड्याच्या मागेच टाकले जातात. घार त्या वासाने नाही, नजरेने येते, आणि एकदा तिथे खायला मिळालं की रोज त्याच वेळेला चक्कर मारते. पिल्लं तिला दुसऱ्या-तिसऱ्या चकरेत दिसतात. सीडी शोधत बसण्याआधी ती टाकायची जागा बदला, नाहीतर खड्डा करून पुरा.