दहा बाटचं केळं

परवा सकाळी मेहरूण तलावावर फिरत होतो. समोरून एक अनोळखी गृहस्थ आले, थबकले, त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीच ना ते हत्तीवाले?"

मी नाही म्हणालो. त्यांनी शांतपणे मोबाईल काढला, फोटो मोठा केला आणि माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. मीच होतो.

तर ते हत्ती बँकॉकचे. मुळात बँकॉकला जाऊन आलो असं जळगावात उघडपणे सांगायची सोय नाही. ऐकणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. "बायको बरोबर होती" म्हटलं की दुसऱ्यात सहानुभूती दाटते. मी रीतसर, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल असा, बावीस जणांच्या ग्रुपबरोबर देवळं बघायला गेलो होतो. कोणाला पटतच नाही. जाऊ द्या.

पहिली फसगत उन्हाने केली. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो अशा गावचा मी, तिथल्या 34-35 ला काय भीक घालणार? पण आपलं ऊन कोरडं आहे हो. आपल्याकडे माणसाचं भरीत होतं, तिकडे मोदक होतो. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. आतून बघितलेलं ते प्रचंड समुद्रमंथन, देव-दानव, वासुकी, त्याने जो ऊर भरून आला होता तो लगेच घामावाटे निघून गेला. (विमानतळाचं नावसुद्धा सुवर्णभूमी! तिथला राजा राम म्हणवतो, आत्ताचा दहावा.) म्हणून दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी थ्रीफोर्थ चड्डी घातली.

राजवाड्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने माझ्या पोटऱ्यांकडे बोट दाखवून मान हलवली. 500 बाट (बाट म्हणजे तिथलं चलन) तिकिटाला मोजायची तयारी असलेला माणूस, पण पोटऱ्या उघड्या. माझ्या मागेच रावेरचे आप्पा होते. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी. त्यांना त्या पहारेकऱ्याने चक्क हात जोडले! आप्पांनीही "राम राम" केला. रामाच्याच राजवाड्यात म्हटल्यावर ते चाललंही असेल.

आप्पा केळीवाले. सत्तरीचे, नातवाने जबरदस्तीने पाठवलेले. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. फाटकासमोर हत्ती छापलेल्या पँट विकणाऱ्या बाईने कॅल्क्युलेटरवर 200 दाबून मला दाखवले. मी पाकिटात हात घालणार तोच आप्पांनी कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि 40 दाबले. बाईने 180. आप्पांनी 40. बाई हसली, 150. आप्पांनी पुन्हा 40 दाबून यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि पँट उन्हात धरून हत्ती मोजायला लागले. एका पायावर एकतीस, दुसऱ्यावर बत्तीस.

"सायेब, घेऊन टाका 120 ले. हत्तीले दोन बाटसुद्धा पडत नाहीत."

इलॅस्टिकची, ढगळ, जांभळी पँट. सोंडा वर केलेले त्रेसष्ट हत्ती. आत पाचूचा बुद्ध बघितला. खरं तर तो जेडचा आहे, उंचीला दोन-सव्वादोन फूट. त्याचे कपडे वर्षातून तीन वेळा, ऋतूप्रमाणे, राजा स्वतः बदलतो. तीन ऋतूंना तीन पोशाख! मी माझ्या हत्तींकडे बघितलं आणि बाहेर आलो. भिंतींवर सगळं रामायण चितारलंय म्हणे. मी अर्ध्यावर सोडलं, कारण ग्रुपमधल्या बायका भिंती सोडून मलाच दाखवत होत्या.

गाईडने बसमध्ये शहराचं खरं नाव म्हणून दाखवलं. बँकॉक हे बाहेरच्यांनी धरलेलं नाव, ते लोक म्हणतात क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी. पण ते नुसतं तोंड. पुढे इंद्र, अयोध्या, विश्वकर्मा सगळे येतात, आणि थाई लिपीत 168 अक्षरं होतात. जगातलं सर्वांत लांब नाव म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. आप्पांनी विचारलं, "आधार कार्डावर मावतं का?" गाईडला हे भाषांतर करून सांगणं मला जमलं नाही. त्यानंतर आम्ही एका सिग्नलला बराच वेळ उभे होतो. तेवढ्यात एकही हॉर्न वाजला नाही. आप्पा अस्वस्थ झाले. "कोनी गेलं का भो?" असं हळूच विचारत होते.

सोन्याचा बुद्ध मात्र सगळ्यांना आवडला. साडेपाच टनांचा. शेकडो वर्षं चुन्याच्या लेपाखाली दडलेला. 1955 साली हलवताना लेप तडकला तेव्हा आतलं सोनं दिसलं. जळगावच्या बायकांनी जागच्या जागी हिशेब केला, साडेपाच लाख तोळे. मग चर्चा घडणावळीवर गेली आणि बुद्ध मागे पडला.

आता त्या दुकानाचं. संध्याकाळी पाणी घ्यायला गल्लीतल्या एका एसी दुकानात शिरलो. काउंटरजवळच्या फळीवर केळी. घड नाही, फणी नाही. एकेक सुटं केळं, प्रत्येकाला स्वतःची प्लास्टिकची पिशवी. आप्पा जागीच खिळले. एक उचललं, देठ बघितला, साल नखाने चाचपली, नाकाशी नेलं. मग काउंटरच्या मुलीला म्हणाले, "माय, केयं केवढ्याले?"

ती गोड हसली. "टेन बाट, खा."

थायलंडमध्ये बायका आदराने प्रत्येक वाक्याच्या शेवटी "खा" लावतात, आपल्या "जी"सारखं. हे मला माहीत होतं. आप्पांना नव्हतं.

"बघा सायेब, काय लाखाची पोर आहे! पैसे घ्यायच्या आधी खा म्हनते." आणि पिशवी फाडून त्यांनी केळं सोललं.

मुलगी दचकली. "सर, पे फर्स्ट, खा."

"खातोय ना माय."

"बारकोड, खा!"

"ते नको. केयंच बरं आहे."

तोवर अर्धं संपलं होतं. मी धावत जाऊन 10 बाट ठेवले. मुलीने हात जोडून "खॉप खुन, खा" म्हटलं, म्हणजे धन्यवाद. आप्पांनी तिच्यापुढे साल नाचवली. "संपलं! आता काय साल खाऊ?" मागे लागलेली रांग थांबून बघत होती. कोणी रागावलं नाही, हे त्या लोकांचं मोठेपण. आपल्याकडे एव्हाना मागून धक्का आला असता.

मग आप्पांनी विचारलं, "आपल्या पैशात किती?" मी सांगितलं, पंचवीस रुपयांच्या वर.

आप्पा हसले नाहीत. महिन्यापूर्वी त्यांचा माल क्विंटलला 900 रुपयांनी गेला होता. किलोला 9 रुपये, किलोत सहा-सात केळी. म्हणजे केळ्याला जेमतेम सव्वा-दीड रुपया. त्यातून टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, खतं, बांबूचे टेकू, कापणीची मजुरी. जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग आडवी, मग पंचनाम्याला कोण कधी येतो बघत बसायचं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फलक लागतो. भाव मात्र व्यापाऱ्याच्या सकाळच्या फोनवर ठरतो. आणि माल जास्त पिकला की म्हणे भाव पडणारच. पडणारच! घसा सुकेपर्यंत हे सांगणारे लोक स्वतः फणी घेताना डझनाला पन्नास मुकाट्याने देतात. मीही देतो.

"सायेब, जरा तिथं उभे ऱ्हा," आप्पा म्हणाले आणि मला फळीशेजारी उभं करून फोटो काढला. मला वाटलं, माणूस मायाळू आहे. आठवण म्हणून काढतोय. मी हसलोसुद्धा.

परवा तलावावरून येऊन त्यांना फोन लावला. तो फोटो रावेर, यावल, सावदा, फैजपूर, थेट चोपड्यापर्यंत केळीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर गेलाय. किमतीच्या पाटीभोवती लाल गोल केलाय, खाली लिहिलंय, "बघा आणि रडा." मला कोणी पाहण्यासाठी तो पाठवलेलाच नव्हता. मी नुसता मध्ये आलोय.

"आप्पा, मला कापून टाका ना त्यातून. पाटी तेवढी ठेवा."

"कापून पाह्यलं भो," आप्पा म्हणाले. "मंग लोकं म्हनतात, हा पुन्याचा मॉल आहे. हत्ती पाह्यले का पटतं."