गेल्या सात दिवसांत

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात आठवडाभर चाललेला वाद माझ्या मामेबहिणीच्या एका वाक्याने पेटला. ती सांगलीकडे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बाळंतपणात बसलेला मानसिक धक्का मोजणाऱ्या प्रश्नावलीविषयी मी इथून, ब्रिटनमधून, लिहिले, त्यावर तिचे उत्तर आले, "ताई, आई आणि बाळ सुखरूप घरी गेले की आमचे काम संपले, बाकी ही तुमची तिकडची थेरं." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आणि त्यांत आमच्या दोन्ही मावश्याही होत्या.

ही प्रश्नावली लंडनच्या सिटी विद्यापीठातील सुझन एअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात 29 प्रश्न आहेत. प्रसूतीच्या वेळी आपण किंवा बाळ मरणार असे वाटले होते का, हे आरंभीच विचारतात. मग नको असताना येणाऱ्या आठवणी, दुःस्वप्ने, दचकणे, तो विषय टाळणे, माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे यांपैकी काय गेल्या आठवड्यात किती वेळा घडले, ते नोंदवतात. ओल्या बाळंतिणीची झोप उडालेली आणि चिडचिड वाढलेली असतेच, म्हणून प्रसूतीच्या आठवणीशी थेट जोडलेली लक्षणे आणि सर्वसाधारण लक्षणे यांचे गुण वेगवेगळे पाहता येतात, आणि केवळ जागरणाला कोणी आजार ठरवत नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे उठता-बसता म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्यातला मरणाचा प्रश्न परका वाटावा, याचेच मला नवल वाटते. असले मोजमाप आपल्याकडे चालत नाही म्हणावे, तर गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी मातांची पाहणी केली होती आणि 23 टक्के जणींत नैराश्य आढळल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध केले होते. नैराश्य आणि धक्का एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. वादाच्या भरात मात्र मी ते लिहिले नाही.

आणखीही एक गोष्ट मी लिहिली नाही. मे 2024 मध्ये ब्रिटिश खासदारांच्या गटाने याच विषयावर अहवाल दिला आणि त्यात इथल्या बायकांनी, आमचे कोणी ऐकलेच नाही, हेच पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तो अहवाल गटात टाकला असता, तर माझ्या बहिणीला आयतेच कोलीत मिळाले असते.

माझे स्वतःचे सांगायचे, तर बाळ सहा आठवड्यांचे असताना हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला घरी येऊन पाहणारी नर्स, आली, रेड बुकात, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या नोंदवहीत, वजन लिहिले आणि बाळंतिणीचे नैराश्य तपासणारा दहा प्रश्नांचा एडिंबरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. रक्तस्राव थांबेना म्हणून खोलीत एकदम आठ-दहा माणसे शिरली होती, त्याला तेव्हा दीड महिना झाला होता, आणि छतावरच्या दिव्याची चौकोनी जाळी मला रोज रात्री दिसत होती. 'गेल्या सात दिवसांत' या मथळ्याखाली मी सगळीकडे सर्वांत बरी उत्तरे निवडली. परक्या देशात आपल्या नावापुढे काही लिहिले गेले, तर उद्या बाळाबद्दल विचारपूस सुरू होईल, ही भीती मनात होती. तिने "लव्हली" म्हणून कागद फाइलीत ठेवला.

आई तेव्हा माझ्याकडे आली होती. डिंकाचे लाडू वळता वळता तिने कागदात काय होते ते विचारले, म्हणून मी त्या फॉर्मबरोबर नंतर वाचलेल्या त्या धक्क्याच्या प्रश्नावलीतलेही प्रश्न मराठीत सांगितले. प्रसूतीची आठवण करून देणाऱ्या जागा टाळता का, या प्रश्नाशी तिचा हात थांबला. माझा जन्म मिरजेत झाला, आणि पुढे आम्ही कोल्हापूर सोडेपर्यंत आई मिरजेला गेली की रिक्षावाल्याला त्या दवाखान्याच्या रस्त्याने जाऊ देत नसे. रिक्षाला जास्तीचे पैसे जात, बाबा चिडत आणि आम्ही हसत असू. तिथे ओरडली म्हणून एका बाईने तिच्या मांडीवर चापट मारली होती, हे मला त्या दुपारी प्रथमच कळले.

"हे एवढंही विचारतात होय?" असे म्हणून तिने लाडू थाळीत ठेवला. मग म्हणाली, "पण गेल्या आठवड्यातलंच ना गं? त्याआधीचं कुठे लिहायचं?"