‘लॉ कॉलेजात कोर्ट शिकवतच नाहीत’ हा दावा कुठे चुकतो

प्रवेशाचा हंगाम आला की विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: लॉ कॉलेजात कोर्टाचं काही शिकवत नाहीत, मूट (कॉलेजातला सरावाचा युक्तिवाद) म्हणजे नाटक, ड्राफ्टिंग (कोर्टाचे कागद लिहिणं) म्हणजे उतरवाउतरवी, कॉलेज सोडा, सिनियर वकील गाठा, परीक्षेपुरतं गाईड वाचा. हे ऐकून वागणाऱ्यांचं नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘अभ्यासक्रमात कोर्टच नाही.’

आहे, आणि सक्तीचं आहे. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांत चार प्रात्यक्षिक पेपर बंधनकारक आहेत: ड्राफ्टिंग-प्लीडिंग-कन्व्हेयन्सिंग (कोर्टातले मसुदे आणि दस्त लिहिणं), व्यावसायिक नीती व हिशेब, पर्यायी वाद निवारण, आणि मूट कोर्ट व इंटर्नशिप. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप.

‘मूट म्हणजे नाटक.’

यात अर्धं तथ्य आहे. मूटमध्ये घटना आधीच ठरलेल्या असतात आणि वाद कायद्याच्या मुद्द्यावर होतो. साक्षीदार नसतो, त्यामुळे तो फितूरही होत नाही. म्हणजे मूटमध्ये अपिलाचा युक्तिवाद शिकायला मिळतो, तालुक्याच्या कोर्टातला पुरावा नाही. पण त्या पेपरात मूटला ३० गुणच आहेत. आणखी ३० गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून नोंदी ठेवण्याला, ३० पक्षकाराशी वकिलाची बोलणी व खटला दाखल करण्याची तयारी पाहण्याला, आणि १० तोंडीला. मजकूर लिहिणारे मधल्या ६० गुणांबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

बिघडतं ते इथेच. एका सकाळी चार कोर्टांत दहा-दहा मिनिटं बसायचं आणि जर्नल (नोंदींची वही) मागच्या बॅचचं उतरवायचं, असा प्रकार सर्रास चालतो. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता येत नाही हे खरं. म्हणून मुद्दे निघालेला (वाद नेमका कशावर हे कोर्टाने ठरवलेला), वादीचा पुरावा सुरू असलेला दावा निवडावा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकला की मागच्या तारखा आणि टप्पे दिसतात. दिवाणीत सरतपास (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने साक्ष) बहुधा शपथपत्रावर येतो आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तो उलटतपासासाठी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या प्रश्नांसाठी. हे आधी सांगितलं नाही, तर ‘सरतपास झालाच नाही’ अशी नोंद जर्नलात जाते. फौजदारीत पोक्सो किंवा बलात्काराचं प्रकरण घेऊ नये, ती कामं बंद दाराआड चालतात. मारहाणीचा किंवा चोरीचा खटला बरा.

‘ड्राफ्टिंग फॉर्मबुकातून उतरवायचं, त्यात शिकण्यासारखं काय?’

नियमांनी १५ मसुदे आणि १५ दस्त लिहायला सांगितले आहेत, दोन्हींना ४५-४५ गुण. एक कैफियतच (प्रतिवादीचं लेखी उत्तर) घ्या. वादपत्राच्या (वादीच्या लेखी दाव्याच्या) चौथ्या परिच्छेदात लिहिलंय, ‘प्रतिवादीने वादीकडून २ लाख रुपये उसने घेतले.’ उतरवणारा विद्यार्थी लिहितो, ‘वादीकडून २ लाख रुपये घेतल्याचे नाकबूल.’ मग दीड लाख घेतले का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ४ नुसार हा नकार टाळाटाळीचा ठरतो. ‘ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतलेला नाही’ असं लिहावं लागतं, किंवा किती घेतले ते सांगावं लागतं. नियम ५ पुढे सांगतो की स्पष्टपणे न नाकारलेली गोष्ट कबूल धरली जाते. एवढ्या एका ओळीमुळे पक्षकार दावा हरू शकतो. शिक्षकाने पंधराही मसुद्यांवर अशा लाल खुणा केल्या, तर विद्यार्थी कोर्टाची भाषा शिकतो. एक उणीव मात्र खरी आहे. महाराष्ट्रात तालुक्याच्या कोर्टात वादपत्रं, कैफियती मराठीत असतात आणि अनेक कॉलेजांत मसुदे फक्त इंग्रजीत करून घेतात. हे बदलायला नियमांची आडकाठी नाही.

‘सिनियरकडे बसलं की सगळं येतं.’

काहींना येतं. पण सिनियरने शिकवलंच पाहिजे, असं कोणताही कायदा म्हणत नाही. सनदेआधी (वकिलीच्या परवान्याआधी) वर्षभर प्रशिक्षण सक्तीचं करणारे बार कौन्सिलचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये सुदीर प्रकरणात रद्द ठरवले. घरात कोणी वकील नसलेल्या मुलाच्या वाट्याला बहुधा तारखा घेणं आणि झेरॉक्स काढणं येतं. त्याला मसुद्यातली चूक दाखवणारं माणूस हमखास मिळेल अशी जागा कॉलेजच आहे, आणि हा मजकूर त्यालाच तिथून बाहेर काढतो.

‘सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलंय.’

यासाठी २० मे २०२५च्या निकालाचा दाखला देतात. त्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. प्रश्न न्यायासनावर बसणाऱ्याच्या अनुभवाचा होता. कॉलेजच्या वर्गांची गरज नाही, असं त्यातून निघत नाही.

तक्रार करायचीच, तर ती जर्नल न तपासता सही करणाऱ्यांविरुद्ध करा. पाहिलेल्या दोन्ही प्रकरणांचे सीएनआर क्रमांक जर्नलच्या पहिल्या पानावर सक्तीने लिहून घ्यावेत. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ते ॲपमध्ये टाकून विचारावं: या तारखेला कोणत्या साक्षीदाराचा उलटतपास झाला, आणि काम पुढे का ढकललं?