तंबोरे लागेपर्यंत थांबा

मी मिरजेची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला तेवीस वर्षं झाली. या दोन गावांत मिळून किती मैफली ऐकल्या याचा हिशेब ठेवलेला नाही. पण सगळ्यात चांगली कोणती आणि सगळ्यात वाईट कोणती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

चांगली मिरजेतली. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचा उरूस. चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाचं, म्हणजे मजारीवर चढवायच्या चादरीचं, अप्रूप आम्हा पोरांना असायचंच, पण बाबांची ओढ रात्रीच्या गाण्याकडे. दर्ग्याच्या आवारात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. खाँसाहेब १९३७ साली गेले ते तिकडे मद्रासकडच्या प्रवासात, पण त्यांना मातीआड केलं ते मिरजेत, याच दर्ग्यात. म्हणून इथे येणारा कलाकार कार्यक्रम करायला येत नाही, हजेरी लावायला येतो. तिकीट नाही, राखीव खुर्च्या नाहीत. जागा मिळेल तिथे बसायचं.

मी नववीत होते. बाबा रेल्वेत, त्या दिवशी त्यांना रात्रपाळी नव्हती. एक वाजून गेल्यावर कर्नाटकातून आलेल्या एक मध्यमवयीन बाई गायला बसल्या. त्यांचं नाव बाबांनी विचारून घेतलं होतं. मला ते आज आठवत नाही आणि आता विचारायला बाबाही नाहीत.

बाईंना मालकंस राग गायचा होता. मालकंसात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, लागत नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, उतरवावी लागते. उतरवलेली तार लगेच ठरत नाही, छेडत गेलं की सरकते. बाईंनी खुंटी ढिली केली, पुन्हा किंचित आवळली. मग सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी बोटाच्या टोकाने जरासा सरकवला. कान तंबोऱ्याच्या दांडीला लावून डोळे मिटले. पुन्हा मणी. मग घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर पुढे घेतला, आणि आतापर्यंत नुसती टणटणणारी तार एकदम घुमायला लागली. हे सगळं दहा-बारा मिनिटं चाललं. एवढ्या गर्दीत कुणी चुळबुळ केली नाही. आमच्या शेजारी सतारमेकर गल्लीतले एक चाचा बसले होते. ते हळूच बाबांना म्हणाले, “आता लागला बघा, साहेब.” खरंच लागला होता. मला सुरातलं काही कळत नव्हतं, तरी ते कळलं.

पुढे बाई तासभर गायल्या. मध्यमावर येऊन त्या थांबल्या तेव्हा बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. बाबा असं काही करणारे नव्हते. मैफल म्हटलं की मला आजही आधी ते मनगट आठवतं.

पुण्यात आल्यावर सवाई गंधर्व महोत्सव माझा झाला. सवाई गंधर्व हे करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी हा महोत्सव सुरू केला. म्हणजे माझ्या दृष्टीने ते मिरजेचंच गाणं. रमणबागेच्या मैदानावर शाल गुंडाळून काढलेल्या रात्रींबद्दल इतक्या जणांनी इतकं लिहिलंय की मी वेगळं काय सांगणार? पुढे ध्वनिक्षेपकांवर रात्री दहाची मर्यादा आली आणि उत्तररात्रीचे राग ऐकायचे कधी, हा प्रश्न उरला तो उरलाच.

आता वाईट. काही वर्षांपूर्वी, इथल्याच एका मोठ्या सभागृहात. आठशे रुपयांचं तिकीट काढून पहिल्यांदाच लेकीला शास्त्रीय गाणं ऐकवायला नेलं होतं. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला, तोही दीपप्रज्वलनाने. मग शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, प्रायोजकांची चित्रफीत, चार भाषणं. गायिका मंचावर आल्या तेव्हा आठ वाजत आले होते आणि साडेनऊला सभागृह सोडायचं होतं.

एसीच्या गारव्यात आणि दिव्यांच्या उष्णतेत तंबोरे उतरले होते. बाई म्हणाल्या, “दोन मिनिटं द्या, जुळत नाहीये.” तेवढ्यात निवेदकाने माइक घेतला आणि “तोवर” म्हणून शेर ऐकवायला सुरुवात केली. बाई तारेला कान लावून बसलेल्या आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून शेर! वर प्रेक्षकांच्या टाळ्या. तिसऱ्या शेरानंतर बाईंनी तंबोरा मागे दिला आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण दाबलं. तो त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

नंतर तबल्याचा डग्गा छातीवर आदळत होता, आवाजाला विहिरीत बोलल्यासारखा एको दिलेला. बाईंनी तीनदा ध्वनिव्यवस्थेकडे बघून हात खाली केला, तिन्ही वेळा आवाज वाढला. मध्यंतराआधीच लेक म्हणाली, “आई, घरी जाऊ या का?” मी तिला थांब म्हणू शकले नाही. याचा राग मला अजून आहे.

आयोजकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सत्कार करायचेच तर मध्यंतरात करा. गाण्याआधीची पंधरा मिनिटं तंबोऱ्यांची म्हणून कार्यक्रमपत्रिकेत छापा. त्या वेळात माइक कुणाच्याही हातात देऊ नका. लोक कंटाळतील अशी भीती बाळगू नका. मिरजेत रात्री एक वाजता हमाल, विद्यार्थी, म्हाताऱ्या बायका गप्प बसून तार लागायची वाट बघत होत्या. तिकीट काढून आलेला माणूस बसणार नाही का?

यंदा उरसाला लेकीला घेऊन मिरजेला जायचं ठरवलंय. तिने स्वतःहून “येते” म्हटलंय. मिरजकर कुणी वाचत असाल तर संगीतसभेच्या तारखा कळल्या की मला नक्की सांगा, रेल्वेचं आरक्षण करायचंय.