जड पेप्टाइड टाकल्याने सगळी घट भरून निघत नाही

"नमुन्यात मोजून जड पेप्टाइड टाका, हलक्या आणि जड शिखरांचं गुणोत्तर काढा, प्रथिनाचं निरपेक्ष प्रमाण मिळालं. वाटेतली घट आपोआप वजा होते." मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजण्याच्या तंत्राच्या) टिपणांत हे विधान सर्रास फिरतं. जड पेप्टाइड म्हणजे मोजायच्या प्रथिनाच्या एका तुकड्याची जड समस्थानिकांनी बनवलेली प्रत; हलकं म्हणजे नमुन्यातला मूळ तुकडा; शिखर म्हणजे यंत्राच्या आलेखातला त्याचा संकेत. ते अर्धंच खरं आहे.

"घट वजा होते." होते, पण जड पेप्टाइड पडल्यानंतरचीच. क्षार काढताना गेलेला माल, आयनीकरणातली दडपणूक (इतर रेणूंमुळे संकेत कमी होणं) यांचा फटका दोघांना सारखाच बसतो, म्हणून गुणोत्तर टिकतं. पचनाचं, म्हणजे ट्रिप्सिन या विकराने प्रथिनाचे पेप्टाइड-तुकडे करण्याचं, तसं नाही. जड पेप्टाइड आधीच कापलेलं असतं. ट्रिप्सिनसोबत टाकलं तरी ट्रिप्सिनने प्रथिन किती कापलं हे ते सांगू शकत नाही. गुणोत्तर ०.४ आणि जड पेप्टाइड ५० फेमटोमोल (मोलचा १०⁻¹⁵ भाग म्हणजे एक फेमटोमोल), म्हणजे २० फेमटोमोल पेप्टाइड. पचनातून ६० टक्केच सुटलं असेल, तर प्रथिन ३३ फेमटोमोल होतं. ही चूक दर वेळी तेवढीच येते, त्यामुळे पुनरावृत्ती छान जुळते आणि शंकाही येत नाही! म्हणून १, २, ४, ८, १६ तासांना नमुने काढा आणि गुणोत्तराचा आलेख सपाट होतो का ते बघा. सपाट होणंही पूर्ण पचनाचा पुरावा नाही. न कापलेली, लांब रूपं शोधाच. त्याहून चांगलं म्हणजे अख्खं जड प्रथिन सुरुवातीलाच टाकणं. न फुटलेल्या पेशींत अडकलेलं प्रथिन मात्र तेही पकडत नाही.

"शिशीवरचं प्रमाण वापरा." शिशीतल्या जड पेप्टाइडाच्या भुकटीत पाणी आणि क्षारही असतात, त्यामुळे वजनावरून हिशेब फसतो. अमिनो आम्ल विश्लेषणाने (पेप्टाइड पूर्ण तोडून त्यातली अमिनो आम्लं मोजून) प्रमाण ठरवा. शिवाय जड पेप्टाइडात ०.५ टक्के हलका (जड समस्थानिक नसलेला) अंश असेल आणि ते नमुन्यातल्या पेप्टाइडाच्या शंभरपट टाकलं, तर हलक्या शिखराचा तिसरा हिस्सा त्याचाच असतो. नुसतं जड पेप्टाइड चालवून हे तपासा.

"एक पेप्टाइड पुरे." नाही. किमान दोन घ्या, प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांतून. मेथिओनिन, अ‍ॅस्परजिन-ग्लायसिन जोडी, सुरुवातीचं ग्लुटामिन आणि लागोपाठ लायसिन-आर्जिनिन असलेल्या जागा टाळा. दोन आकडे वेगळे आले तर सरासरी काढू नका. आधी यंत्रात पेप्टाइड फुटून होणाऱ्या तुकड्यांच्या आयनांची आपापसातली प्रमाणं हलक्यात आणि जडात जुळतात का पाहा. जुळत असतील, म्हणजे बाहेरची लुडबुड नसेल, तर कमी आकडा देणारं पेप्टाइड बहुधा अर्धवट सुटलेलं किंवा बदललेलं असतं.