सांगाड्यांची फौज फुकट मिळत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून डायसने खेळायचा काल्पनिक जगातला रोल-प्लेइंग खेळ) खेळणाऱ्यांमध्ये एक फर्मान वरचेवर फिरत असतं: नेक्रोमॅन्सरला, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगाराला, टेबलवर घेऊच नका. कारणं साधारण चार दिली जातात. तो फुकटात मेलेल्यांची फौज उभी करतो, त्याच्यापुढे फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारा योद्धा, बेकार ठरतो, लढाईच्या दर राउंडला (फेरीला) तो सगळ्यांचा वेळ खातो, आणि वर तो दुष्टच असतो. मी बहुतेक वेळा डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, खुर्चीत असतो, म्हणजे या फौजेचा त्रास व्हायचा तर आधी मला व्हायला हवा. तरीही हे फर्मान मला पटत नाही. खालचे आकडे 2014च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत, कारण हा वाद तिच्यावरूनच पेटला.

आधी ‘फुकटात’ हा शब्द. ॲनिमेट डेड हा मेलेल्यांना उठवणारा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र. टाकायला एक मिनिट लागतं, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर त्याचा उपयोग शून्य. समोर हाडं किंवा प्रेत हवं. एका वेळी एकच सांगाडा किंवा झोंबी उठतो आणि 24 तास ऐकतो. मुदत संपण्याआधी स्पेल पुन्हा टाकला तर जास्तीत जास्त चार जणांवरचा ताबा टिकतो, पण त्या वेळी नवीन कोणी उठत नाही. फर्मान काढणारे नेमकी ही शेवटची अट विसरतात.

पाचव्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने स्पेल टाकणारा पुजारी, घ्या. एक स्पेल टाकला की एक स्लॉट खर्च होतो; तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट त्याच्याकडे दिवसाला दोन. पहिल्या दिवशी दोन सांगाडे. दुसऱ्या दिवशी एक स्लॉट ताबा टिकवण्यात जातो, दुसऱ्यातून एक नवा उठतो: तीन. मग चार, मग पाच. पाचव्या दिवशी एका स्लॉटने चौघे सांभाळायचे आणि दुसऱ्याने उरलेला एक. गाडी तिथेच थांबली. पाच म्हणजे फौज? विझार्ड (जादूगार) खर्चलेले स्लॉट परत देणारी आर्केन रिकव्हरी वापरून तिसरा स्लॉट मिळवतो आणि सहाव्या दिवसापर्यंत नऊवर पोचतो, पण फायरबॉल हा आगीचा स्पेल टाकायला त्याच्याकडेही काही उरत नाही. क्लेरिकची गोष्ट तर आणखी वाईट. साथीदार मेल्यावर मिनिटाच्या आत त्याला परत आणणारा रिव्हिव्हिफाय त्याच लेव्हलचा आहे. सांगाड्यांपायी स्लॉट संपवलेल्या क्लेरिकसमोर पार्टीतलं कोणी मेलं की ‘फुकट’ची किंमत टेबलवरच्या प्रत्येकाला कळते.

यावर हमखास येणारं उत्तर असं: रात्री झोपण्याआधी उरलेल्या स्लॉटमधून स्पेल टाकायचा, लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) घ्यायची, सकाळी स्लॉट भरलेलेच. युक्ती बरोबर आहे, एका दिवसापुरती. दुसऱ्या रात्री त्याच वेळेच्या आत पुन्हा स्लॉट लागतात, आणि 24 तासांत एकाच लाँग रेस्टचा फायदा मिळतो. म्हणजे दिवसभर ते स्लॉट राखून ठेवायचे किंवा सांगाडे सोडून द्यायचे. सोडलेले सांगाडे हुकूम पाळत नाहीत आणि स्वभावाने दुष्ट असतात; डीएमला याहून वेगळं आमंत्रण लागत नाही.

फायटर बेकार ठरतो म्हणे. आर्मर क्लास (फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) 16 असलेला शत्रू समोर ठेवू. सांगाड्याला हल्ल्यासाठी +4 मिळतात, म्हणजे 20 बाजूंच्या डायसवर 12 किंवा जास्त हवेत. पाच सांगाडे मिळून दर राउंडला सरासरी 13च्या आसपास डॅमेज करतात. ग्रेटस्वोर्डवाला, स्ट्रेंग्थ 18 असलेला पाचव्या लेव्हलचा फायटर दोन हल्ल्यांत 14च्या आसपास जातो, आणि त्याला एकही स्लॉट खर्चावा लागत नाही. त्यात सांगाड्याचे हिट पॉइंट (किती डॅमेज सोसेल तो आकडा) 13. फायरबॉलचं सरासरी डॅमेज 28. सेव्ह (बचावासाठी टाकलेला डायस) जमली तरी अर्धं, म्हणजे 14. शत्रूच्या एका स्पेलमध्ये चार दिवसांची कमाई राख. शत्रूकडे पाचव्या लेव्हलचा क्लेरिक असेल तर टर्न अनडेड या त्याच्या मेलेल्यांना पळवणाऱ्या शक्तीपुढे सेव्ह हुकलेले सांगाडे जागच्या जागी नष्ट होतात.

वरच्या लेव्हलला संख्या वाढते, हे मान्य. पाचव्या लेव्हलच्या एका स्लॉटमधून पाच जण उठतात. पण त्यांचे +4 तिथेच राहतात. नेक्रोमन्सी स्कूलचा (मृत्यूच्या जादूच्या शाखेचा) विझार्ड त्यांचं डॅमेज आणि हिट पॉइंट वाढवतो, नेम सुधारत नाही. प्रौढ रेड ड्रॅगनचा आर्मर क्लास 19 आहे आणि त्याच्या आगीचं सरासरी डॅमेज 63. पुढचं गणित तुम्हीच करा.

वेळेच्या तक्रारीत दम आहे, पण ती चुकीच्या दारात उभी आहे. टेबल खरं तुंबवतो तो ड्रुइडचा (निसर्गाच्या शक्तीने स्पेल टाकणाऱ्याचा) प्राणी बोलावणारा कॉन्ज्युर ॲनिमल्स. एका स्लॉटमध्ये आठ लांडगे, प्रत्येकाला कळपाने लढण्याच्या पॅक टॅक्टिक्समुळे दोन-दोन डायस, आणि फटका बसला की शत्रू पडतो का याची वेगळी सेव्ह. अशा राउंडमध्ये मी चहा करून आलोय. खेळ काढणाऱ्या कंपनीलाही हे दिसलं असावं: 2020च्या टाशाच्या पुस्तकात (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) एकाच प्राण्याला बोलावणारे समन स्पेल आले, आणि 2024च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये कॉन्ज्युर ॲनिमल्समधले आठ वेगळे प्राणी जाऊन एकच आभासी कळप उरला. ॲनिमेट डेडमध्ये एका बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) सगळ्यांना एकच हुकूम देता येतो. तेवढंही जड वाटत असेल तर डंजन मास्टर्स गाइडमध्ये जमावासाठी तक्ता आहे. डायसवर 12 हवे असतील तर दर दोन हल्लेखोरांमागे एक फटका. पाच सांगाड्यांचे दोन फटके, सरासरी पाच-पाच, 10 डॅमेज, डायसला हात न लावता.

उरला दुष्टपणा. 2014चं हँडबुक म्हणतं की प्रेतं उठवणं हे चांगलं कृत्य नाही आणि असे स्पेल वारंवार वापरणारे दुष्टच असतात. ‘वारंवार’ या शब्दाकडे बंदीवाले बघत नाहीत. शिवाय रिव्हिव्हिफाय, रेझ डेड, रिझरेक्शन हे मेलेल्याला जिवंत करणारे सगळे स्पेल नेक्रोमन्सीच्याच शाखेत आहेत, त्यावर कोणी बंदी मागत नाही. एबेरॉन या खेळातल्याच एका काल्पनिक जगात कार्नाथ नावाच्या राष्ट्राने शेवटच्या महायुद्धात सांगाडे आणि झोंबी उघडपणे सैन्यात भरले. तिथे या प्रश्नावर अख्खं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी कथा) उभं राहू शकतं: कुणाच्या बापाचा सांगाडा सीमेवर पहारा देतोय, आणि घरच्यांना विचारलं होतं का? खेळणाऱ्यांपैकी कुणाला प्रेतांचा विषयच नको असेल तर ती गोष्ट वेगळी. ती सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, विचारायची, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याकडून कारण मागायचं नाही.